इंदूरच्या रामबागेतल्या वाचनालयाचा संगणक : विंडोज १० वरून ११ वर, डिस्क न लावता

१० सप्टेंबर २०२५, बुधवार

गणपती झाले, मंडप निघाला, आता देवघेव टेबलावरच्या संगणकाचं काम हाती घ्यायचं. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबरला संपते. त्यानंतर यंत्र चालू राहील, पण सुरक्षेची नेहमीची अपडेट्स बंद होतील. एक वर्ष वाढीव अपडेट्स मिळवायची सोय आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मात्र यंत्र विंडोज ११ पेलू शकत असेल तर हेच काम वर्षभर पुढे ढकलण्यात मला अर्थ वाटत नाही. शिवाय ऑक्टोबरच्या मध्यापासून पुण्या-मुंबईहून दिवाळी अंकांचे गठ्ठे येऊ लागतात. त्या दिवसांत टेबलावरचा संगणक बंद ठेवणं शक्य नाही. म्हणजे काम दसऱ्याच्या आसपास संपायला हवं.

यंत्र असं : इंटेलचा कोअर आय-३ ८१००, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १० होम, ६४ बिट. कॅबिनेटला डीव्हीडी ड्राइव्हच नाही. विंडोजची डिस्कही कधी मिळाली नव्हती.

आरएनटी मार्गावर एका दुकानात सहज विचारलं. उत्तर अपेक्षेप्रमाणेच मिळालं : "भिया, फॉर्मेट मार देते हैं, घंटे भर का काम है. डाटा डी में डाल दो." घरच्या संगणकाला हे चालेल. आमच्या यंत्राला चालणार नाही. वाचनालयाचा देवघेवीचा प्रोग्राम मंडळातल्याच एका मुलाने २००४ साली व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहून दिला होता. त्याच्या सेटअपची सीडी कपाटात आहे, पण तिचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटलाय, कुठल्याही ड्राइव्हमध्ये ती वाचली जात नाही. सी ड्राइव्ह पुसला की तो प्रोग्राम गेला. नुसती डेटाची फाइल जपून उपयोग नाही, ती उघडणारं दारच राहणार नाही.

म्हणून ठरवलं : चालू विंडोजच्या आतूनच वरची आवृत्ती चढवायची. प्रोग्राम, फाँट, सेटिंग, सगळं जागच्या जागी ठेवून.

ग्रंथपाल काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अरे, पुसून तर टाकणार नाहीस ना?" दाखल नोंदवह्यांतून हजारो नोंदी त्यांनी स्वतः बसून भरल्यात. त्यातल्या काही वह्यांची पानं आता हात लावला तर तुटतात. "नाही काकू, पुसायचं नाही म्हणूनच हा सगळा लांबचा रस्ता," असं मी म्हटलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

तपासणी. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं. निकाल : यंत्र पात्र नाही. अनेक लोक इथेच थांबतात आणि नवीन संगणक घ्यायला निघतात. कारण काय दिलंय ते वाचायला हवं. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांच्यापुढे बरोबरची खूण होती. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आमचा आठव्याच पिढीतला. अडलं होतं दोन ठिकाणी : टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट, म्हणजे यंत्र सुरू होताना फक्त खात्रीचे प्रोग्रामच चालू देणारी सोय.

टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप. या पिढीच्या इंटेल यंत्रांत ती वेगळी विकत आणावी लागत नाही. चिपसेटच्या फर्मवेअरमध्येच ती सोय असते, तिला पीटीटी म्हणतात. कारखान्यातून येताना अनेकदा बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, शिरून चालू केली, विंडोजमध्ये परत येऊन पाहिलं, तर 'स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०' असं दिसलं. पहिली अडचण एवढ्यात सुटली.

दुसरी मोठी आहे. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बायोस मोड : लेगसी' लिहिलंय. मदरबोर्ड यूईएफआय, म्हणजे यंत्र सुरू करायची नवी पद्धत, जाणतो, पण विंडोज टाकताना जुन्या पद्धतीने टाकलंय, आणि डिस्कची आखणीही जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. नुसतं बायोसमध्ये यूईएफआय निवडलं तर यंत्र सुरूच होणार नाही. आधी डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या आखणीची, करायला हवी, तीही डेटा न हलवता.

१४ सप्टेंबर, रविवार

डिस्कच्या आखणीला हात लावण्याआधी बॅकअप. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं डिस्क-टू-व्हीएचडी वापरलं. ते फुकट आहे, चालू विंडोजमध्येच चालतं, आणि अख्ख्या डिस्कची एक व्हीएचडीएक्स फाइल बनवतं. बूट करायला वेगळी डिस्क लागत नाही, आमच्या कामाला हेच हवं होतं. फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली.

मग ती डिस्क घरी आणून माझ्या लॅपटॉपवर त्या फाइलवर डबल क्लिक केलं. वाचनालयाचे तिन्ही ड्राइव्ह माझ्याकडे नव्या अक्षरांनी उघडले. डेटाबेसची एमडीबी फाइल उघडली, शेवटच्या दिवसाच्या देवघेवी दिसल्या. काकूंना फोन करून कालची शेवटची नोंद कोणाची होती ते विचारलं, त्यांनी सांगितलेला सभासद क्रमांक जुळला. बॅकअप झाला असं मी यानंतरच लिहितोय.

एमडीबी फाइल, फाँटचा फोल्डर आणि प्रोग्रामचा फोल्डर वेगळ्या पेन ड्राइव्हवरही घेतले. तो कार्यवाह काकांच्या घरी राहील. एकाच छताखाली दोन्ही प्रती ठेवायच्या नाहीत.

२० सप्टेंबर, शनिवार

प्रोग्राम लिहिणारा आता बंगळुरात असतो. फोनवर बोललो. "दादा, सोर्स कोड नाही राहिला रे. त्या वेळची हार्ड डिस्कच गेली." पण त्याला आठवण पक्की आहे. प्रोग्राम कोणते ओसीएक्स, म्हणजे तयार सुटे भाग, वापरतो ते त्याने भराभर सांगितलं : तक्त्यासाठी फ्लेक्सग्रिड, फाइल निवडायला कॉमन डायलॉग, पावत्या आणि थकबाकीच्या यादीसाठी क्रिस्टल रिपोर्ट. डेटाबेससाठी मायक्रोसॉफ्टचं जेट ४.० हे इंजिन. हे सगळे ३२ बिटचे भाग ६४ बिट विंडोजमध्ये सिसवाव६४ फोल्डरमध्ये बसतात आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, त्यांची नोंद असते. म्हणून नुसता प्रोग्रामचा फोल्डर उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवला तर तो चालत नाही.

एक गोष्ट मनाला धीर देणारी : व्हिज्युअल बेसिक ६ चा रनटाइम, म्हणजे त्यातले प्रोग्राम चालवायला लागणारा भाग, विंडोज ११ मध्येही येतो, आणि मायक्रोसॉफ्ट त्याला अजून आधार देतं. १९९८ सालच्या भाषेला एवढं लांब आयुष्य मिळालं ते आमच्यासारख्या छोट्या संस्थांमुळेच असणार. प्रोग्राम जर डॉसमधला, १६ बिटचा असता, तर मात्र विंडोज ११ मध्ये तो सरळ चालला नसता. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, आणि ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट प्रोग्राम चालवायची सोय नाही.

वरचे ओसीएक्स शोधून त्यांच्या प्रतीही पेन ड्राइव्हवर ठेवल्या.

२१ सप्टेंबर, रविवार

विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन येतं, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून. डेटा न पुसता डिस्कची आखणी बदलतं. आधी नुसतं तपासून पाहता येतं : कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, साधनाच्या नावापुढे 'व्हॅलिडेट' आणि 'अलाउ-फुल-ओएस' हे दोन पर्याय द्यायचे. दुसरा पर्याय दिला नाही तर चालू विंडोजमधून ते काम करायला नकार देतं.

निकाल : डिस्क ० ची आखणी तपासणीत नापास.

कारण आपल्याकडच्या सवयीत आहे. सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडून दिल्याशिवाय संगणक पुरा झाला असं आपल्याला वाटत नाही. एमबीआरमध्ये मुख्य विभाग चारच बसतात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये चौथा पाडायला गेलं की तो एक्स्टेंडेड होतो आणि त्याच्या पोटात लॉजिकल ड्राइव्ह तयार होतो. आमच्याकडे सिस्टिम रिझर्व्हड, सी आणि डी हे तीन मुख्य, आणि ई हा लॉजिकल. या साधनाला लॉजिकल ड्राइव्ह चालत नाही, आणि मुख्य विभागही तीनपेक्षा जास्त चालत नाहीत, कारण त्याला स्वतःच्या ईएफआय विभागासाठी जागा लागते.

आणि वाचनालयाचा डेटाबेस नेमका ई मध्येच. प्रोग्रामच्या आत 'ई, ग्रंथालय' हा पत्ता कायमचा लिहून ठेवलाय. सोर्स नसल्याने तो बदलता येणार नाही.

तोडगा कागदावर मांडला : ई मधलं सगळं डी मध्ये हलवायचं, ई काढून टाकायचा, त्याच्याभोवतीचा रिकामा एक्स्टेंडेड विभागही काढायचा, आखणी बदलायची, आणि मग मोकळ्या जागेत पुन्हा ई पाडून सगळं परत ठेवायचं. जीपीटीमध्ये विंडोज १२८ विभाग पाडू देतं, त्यामुळे नंतर हा ई साधा, सरळ विभाग असेल.

उद्यापासून नवरात्र. काकूंना सांगून रविवार, २८ तारीख वाचनालय बंद ठेवायचं ठरलं.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी ताजा बॅकअप. मग ई ची नक्कल डी मध्ये, आणि दोन्हीकडच्या फाइलींची संख्या व आकार जुळवून पाहिले. यूपीएसची बॅटरी आधीच बदलून घेतली होती. या शहरात पावसाळ्याच्या शेवटी वीज कधी लपंडाव खेळेल सांगता येत नाही, आणि आखणी बदलत असताना वीज जाणं परवडणारं नाही.

ई काढला, एक्स्टेंडेड काढला, पुन्हा तपासणी केली : पास. मग 'व्हॅलिडेट'च्या जागी 'कन्व्हर्ट'. काम फार तर मिनिटभराचं. शेवटी एक इशारा आला की रीएजंट डॉट एक्सएमएल ही फाइल अद्ययावत करता आली नाही, दुरुस्तीची व्यवस्था हाताने बंद करून चालू करा. या इशाऱ्याने घाबरायचं कारण नाही. नंतर विंडोजमध्ये आल्यावर रीएजंटसी ही कमांड आधी 'डिसेबल', मग 'एनेबल' अशी चालवली की झालं.

यानंतरची पायरी चुकवायची नाही : लगेच बायोसमध्ये शिरायचं. जुन्या पद्धतीने यंत्र आता उठणार नाही. सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय, बंद केलं, बूट मोड यूईएफआय, यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' हे नाव आलेलं दिसलं, ते पहिलं ठेवलं. जुनं वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलेल्या यंत्रांत सीएसएम बंद केल्यावर कधी कधी पडदा काळाच राहतो, कार्डालाच यूईएफआय कळत नसतं. आमचं ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच, म्हणून ती काळजी नव्हती.

विंडोज १० जसंच्या तसं उघडलं. बायोस मोड आता यूईएफआय. मग सिक्युअर बूट चालू केलं. खरं तर विंडोज ११ ला यंत्राला ती क्षमता असणं पुरतं, चालू असलंच पाहिजे असं नाही, पण चालू ठेवलेलं बरं.

नवा ई पाडला, ग्रंथालय फोल्डर परत ठेवला, प्रोग्राम उघडला. सभासदांची यादी समोर आली. पीसी हेल्थ चेक पुन्हा चालवलं, आता पात्र.

२९ सप्टेंबर, सोमवार

आयएसओ फाइल, म्हणजे विंडोजची अख्खी डिस्कच एका फाइलमध्ये. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत पानावरूनच उतरवायची. कोणी ओळखीच्याने पेन ड्राइव्हवर दिलेली, आत काय काय मिसळलंय कोण जाणे अशी फाइल संस्थेच्या यंत्रावर नको. तिथे मिळालेला दुवा २४ तास चालतो.

भाषा निवडताना नीट पाहायला हवं. तिथे 'इंग्लिश' आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' असे दोन पर्याय आहेत. पहिला अमेरिकी, दुसरा ब्रिटिश. आपण भारतात, म्हणून इंटरनॅशनल, असं कोणालाही वाटेल. पण बसलेल्या विंडोजची भाषा आणि आयएसओची भाषा जुळली नाही तर प्रोग्राम जपून ठेवण्याचा पर्यायच फिका पडतो, निवडता येत नाही. डिझम या विंडोजमधल्याच कमांडला 'गेट-इंटल' विचारलं की बसलेल्या विंडोजची मूळ भाषा कळते. आमची अमेरिकी इंग्रजी. म्हणून साधं 'इंग्लिश'.

वाचनालयातलं इंटरनेट संथ आहे, म्हणून फाइल घरी उतरवली. फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असते, आणि एफएटी३२ पद्धतीचा पेन ड्राइव्ह ४ जीबीच्या वरची एक फाइल घेतच नाही, कितीही जागा मोकळी असली तरी. तो एक्सफॅटमध्ये करून घेतला. हा पेन ड्राइव्ह बूट करायचा नाही, तो फक्त हमाल. वाचनालयात नेऊन फाइल डी मध्ये उतरवल्यावर सर्टयुटिल कमांडने तिचा एसएचए-२५६ ठसा (फाइल जशीच्या तशी आहे का ते यावरून कळतं) काढला आणि मायक्रोसॉफ्टच्या पानावर दिलेल्या ठशाशी ताडून पाहिला. जुळला.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. काकूंनी संगणकाला, प्रिंटरला आणि शिक्क्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. उद्या दसरा, वाचनालय बंद. "साडेतीन मुहूर्तांतला एक आहे, उद्याच कर," असं त्या म्हणाल्या. मलाही तेच सोयीचं.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस काढला. प्रिंटर सोडून बाकी यूएसबीला लावलेलं सगळं काढलं. आयएसओवर डबल क्लिक केलं, ती एका नव्या ड्राइव्हसारखी उघडली, जणू डीव्हीडी घातली आहे. आतलं सेटअप चालवलं. पहिल्याच पानावर सेटअपने अपडेट्स कशी उतरवायची ते बदलण्याचा दुवा असतो, तिथे 'आत्ता नको' निवडलं.

'इन्स्टॉलसाठी तयार' असं पान येतं तिथे थांबून वाचायचं. दोन ओळी हव्यात : विंडोज ११ होम, आणि वैयक्तिक फाइली व ॲप्स ठेवा. दुसरी ओळ वेगळी दिसली तर तिथूनच मागे फिरायचं. आमच्याकडे दोन्ही ठीक होत्या.

मग वाट पाहणं. फिरणारी हार्ड डिस्क असल्याने वेळ लागला, यंत्र आपोआप बंद-चालू होत राहिलं. टक्के बराच वेळ एका आकड्यावर अडकून राहतात. तेव्हा बटण दाबायचा मोह अजिबात होऊ द्यायचा नाही. दुपारी घरी जेवून आलो तोवर लॉगिनचा पडदा आला होता. ॲक्टिव्हेशन आपोआप झालेलं, काहीही की टाकावी लागली नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चाचणीचा दिवस, काकू शेजारी बसून.

प्रोग्राम उघडला. पुस्तकांची यादी मराठीत नीट दिसली. हा डेटा सीडॅकच्या डीव्ही-टीटी योगेश या जुन्या फाँटमध्ये आहे, युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत नाही. फाँट जागेवर होता म्हणून दिसला. यासंबंधी एक सेटिंग कधीही चालू करायचं नाही : प्रादेशिक सेटिंगमधलं 'जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८, बीटा'. नाव मोहात पाडणारं आहे, पण अशा जुन्या प्रोग्राममधली अक्षरं त्याने बिघडतात.

मग तारीख. आज ३ ऑक्टोबर, म्हणजे तपासायला उत्तम दिवस. अमेरिकी पद्धत लागली तर ०३-१०-२०२५ ही १० मार्च होते, आणि प्रोग्राम सभासदाला महिन्यांचा दंड लावतो. २५ तारखेला ही चाचणी केली असती तर काही कळलं नसतं, कारण २५ वा महिनाच नसतो. एक पुस्तक दिलं, परतीची तारीख १८ ऑक्टोबर आली. एक थकलेलं पुस्तक परत घेतलं, दंड काकूंनी तोंडी केलेल्या हिशोबाशी जुळला.

पावती मात्र छापली गेली नाही. विंडोजने डीफॉल्ट प्रिंटर स्वतःच्या मर्जीने पीडीएफवाला करून ठेवला होता. 'डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या' हे बंद केलं, खरा प्रिंटर निवडला, पावती आली. क्रिस्टल रिपोर्टची थकबाकी यादीही आली.

काकूंची एकच तक्रार : स्टार्ट बटण मधोमध का गेलं? टास्कबारच्या सेटिंगमधून डावीकडे आणून दिलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागरीचा कार्यक्रम होता, सभासदांची गर्दी होती, यंत्र दिवसभर न कुरकुरता चाललं.

जुनी विंडोज 'विंडोज-ओल्ड' फोल्डरमध्ये असते आणि दहा दिवसांपर्यंत मागे जाता येतं. दहा दिवस मला कमी वाटतात, कारण वर्गणीची वार्षिक यादी दिवाळीनंतरच काढतात आणि ती नीट निघते का हे तेव्हाच कळेल. डिझम कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र पहिले दहा दिवस उलटायच्या आत. वाढवली.

१२ ऑक्टोबर, रविवार

वाचकांसाठी ठेवलेला दुसरा संगणक २०१२ च्या सुमाराचा, तिसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम. तो विंडोज ११ ला पात्र नाही. रजिस्ट्रीत बदल करून जबरदस्तीने चढवता येतं, पण मायक्रोसॉफ्ट अशा यंत्रांना पुढच्या अपडेट्सची हमी देत नाही, आणि हमी नसलेलं काही वाचकांसमोर ठेवणं मला पटत नाही. त्यावर कुठलाही जुना प्रोग्राम नाही, म्हणून इथे पुसायला हरकत नव्हती. रूफस या प्रोग्रामने बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवून लिनक्स मिंट २२ या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. तिला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळतील. मराठी टंकायला इनस्क्रिप्ट कळफलक जोडला, ब्राउझर उघडतो, मराठी वर्तमानपत्रं स्वच्छ दिसतात.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी अंकांचा पहिला गठ्ठा आला. काकूंनी दाखल क्रमांक टाकून नोंदी केल्या, लेबलं छापली.

कार्यकारिणीकडे दोन गोष्टी मांडल्यात. एक, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, कारण सकाळी यंत्र सुरू व्हायला फार वेळ घेतं. दुसरी जास्त महत्त्वाची : नोंदी युनिकोडमध्ये आणणं. या फाँटच्या डेटात ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी साठवलेला असतो, युनिकोडमध्ये तो नंतर येतो. रफाराचं उलट : फाँटमध्ये तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. नुसती अक्षरं बदलणारा तक्ता पुरणार नाही, क्रमही फिरवावा लागेल. आडनावं आणि लेखकांची नावं माणसाने डोळ्यांखालून घालावी लागतील. काकू म्हणाल्या, "तू यादी छापून दे, मी रोज थोडी थोडी तपासते." एमडीबीची प्रत घरी आणली आहे. पहिल्या दाखल नोंदवहीची यादी दिवाळीनंतर छापून देणार.